शेवटच्या दाराचं गाणं

गोष्ट ऐन रंगात आली की तिच्यातलं कुणी ना कुणी गायला लागायचं आणि नेमकं तिथेच कडूबाईचं डोकं फिरायचं. "आगं, राकीस समोर उभा हाय आन् ती पोरगी गानं काय म्हनती? पळत का न्हाई?" असं ती भांडी घासता घासता आतून ओरडायची. बाहेर व्हरांड्यात पोरांच्या गराड्यात बसलेली रोझी भिंगारदिवे तिच्याकडे काडीचंही लक्ष द्यायची नाही. गोष्टीत गाणी कशाला, असं विचारणारी माणसं जगात सगळीकडे असतात. ती पुस्तक वाचतानाही तिरक्या अक्षरात कविता आली की पान उलटतात. त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नसतो, हे रोझीला फार आधीच कळलं होतं.

शेवगावच्या पुढे, जायकवाडीचं पाणी जिथवर फुगतं तिथलं हे गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन टोळ्यांबरोबर ऊसतोडीला जातं ते थेट शिमग्याच्या आसपास परततं. मागे राहिलेल्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह भरतं. त्यांचा दोन वेळचा स्वयंपाक रोझी आणि कडूबाई करायच्या. आणि संध्याकाळची जेवणं उरकली की रोझीची गोष्ट. ती तिच्या कामात धरलेली नव्हती, त्याचा कुणी एक पैसा देत नव्हतं, पण एखाद्या दिवशी भाजी खारट झाली तर पोरं चालवून घेत. गोष्ट चुकली तर घेत नसत.

रोझी साठीला टेकलेली, ठेंगणी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलायला लागली की समोरचा हातातलं काम विसरायचा. तिची गोष्ट दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि आईबाप परत येईपर्यंत रोज थोडी थोडी चालायची. दर हंगामाला नवी. त्यात उडत्या म्हशी असत, बोलकी बाभळ असे, डोंगर पाठीवर घेऊन फिरणारा म्हातारा असे. हे सगळं रोझीच्या डोक्यातून निघायचं. पण देवाने तिला गोष्ट दिली आणि गळा द्यायचं राहून गेलं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भजन सुरू झालं की ती नुसते ओठ हलवायची. गाणी होती ती तिच्या नवऱ्याची, गिदोनची.

ही जोडी जमली त्याचीही एक गंमतच होती. लग्न होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. जमली म्हणतो ती गोष्टीपुरती. वसतिगृह नवं नवं सुरू झालं तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एका पोराने आईसाठी भोकाड पसरलं आणि त्याचं बघून सगळीच रडायला लागली. त्यांना गप्प करायला रोझीने जी सुचेल ती गोष्ट सुरू केली. गोष्टीतला मुलगा एका काळ्या किल्ल्यापाशी आला. दाराला कडी नाही, कुलूप नाही, फट नाही. आता तो आत कसा जाणार? रोझीला काही सुचेना. ती अडली तशी पोरांची तोंडं पुन्हा वाकडी व्हायला लागली. तेवढ्यात एसटीच्या डेपोतली पाळी संपवून तिला न्यायला आलेला गिदोन, हाताला ग्रीस तसंच, फाटकातूनच गायला लागला. काहीतरी खुळचटच होतं, दाराला लाडीगोडी लावणारं. पोरं रडायची थांबली. गाणं संपल्यावर एक जण म्हणाला, "उघडलं!" आणि दार उघडलं.

तेव्हापासून हे ठरून गेलं. घरी जाताना लुनावर मागे बसून रोझी सांगायची, "आवं, उद्या नदी आडवी येनार हाय. नाव न्हाई, पूल न्हाई." गिदोन हूं म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दाढी करताना, नट आवळताना, जेवताना त्याचं गुणगुणणं चालायचं आणि संध्याकाळी नदीसाठी गाणं तयार असायचं. कधी कधी एखादं सुरेख जमलेलं गाणं तो स्वतःच फेकून द्यायचा. रोझी हळहळायची. तो म्हणायचा, "हे काढून टाकलं तरी तुझी गोष्ट पुढं जातीच हाय की. मग ते शोभेचं झालं. मानूस बोलून दमला, हातपाय मारून दमला, आता दुसरं काहीच उरलं न्हाई, आसं झालं ना, की मंग गानं." कडूबाईच्या प्रश्नाला हे चांगलं उत्तर होतं, पण ते तिला कुणी सांगायला गेलं नाही.

आता गिदोन मंडळीत पेटी वाजवायचा आणि त्याला चाली येत होत्या त्या फक्त तिथल्या. त्यामुळे झालं असं की परीपासून राक्षसापर्यंत सगळे जण भजनांच्या चालीवर गात. पोरांना ते ठाऊक नव्हतं. मंडळीला तर त्याहूनही ठाऊक नव्हतं. रोझीला सगळं ठाऊक होतं आणि ती तोंड मिटून बसली होती.

यंदाची गोष्ट धरणाच्या पाण्याखालच्या राज्याची होती. तिथे हुंबऱ्या नावाचा राक्षस राहायचा. काठावर आलेली माणसं तो आत ओढायचा आणि एकामागे एक असलेल्या दारांच्या पलीकडे कोंडून ठेवायचा. त्याने चिमकी नावाच्या मुलीची आई नेली, म्हणून चिमकी तिला आणायला पाण्यात उतरली. माशांचं दार तिने गाऊन उघडलं, शेवाळाचं उघडलं. खुद्द हुंबऱ्या आडवा आला तेव्हा त्याला गाऊन झोपवलं. ते गाणं पोरांचं सर्वांत लाडकं. ताटं धुताना, रांगेत, कुठेही सुरू व्हायचं:

झोप रे हुंबऱ्या । मिटव रे डोळे ।
भाकरीचे गोळे । पचू दे रे ॥
दाढीत शेवाळ । कानात मासोळी ।
झोपेची ही झोळी । तुझ्यासाठी ॥

चिमकी शेवटच्या दारापाशी पोचली. पलीकडून माणसांचा आवाज येत होता. "याला झ्याक करतो," गिदोन म्हणाला होता. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, आणि एका सकाळी तो चहा पिऊन पायरीवर बसला तो उठलाच नाही. गाणं राहिलं.

मुलगी एंजल पुण्याहून आली. सगळं उरकल्यावर म्हणाली, "आई, आता इथे एकटी काय करशील? माझ्याकडे चल." रोझी म्हणाली, "आत्ता कसं येऊ? चिमकी दारात उभी हाय." एंजलने घाबरून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. रोझी पूर्ण शुद्धीवर होती आणि तिला एवढंच म्हणायचं होतं की अर्ध्यात सोडून येता येणार नाही.

ती कामावर परतली. पहिल्या दिवशी पोरांनी गोष्ट मागितली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग धनश्रीने, जी वयाने सगळ्यांत मोठी आणि गोष्टीच्या बाबतीत वकिलासारखी होती, हळूच विचारलं, "मावशी, चिमकी अजून दारातच हाय का?"

"हाय," रोझी म्हणाली आणि बसली. तिने एका दमात सांगून टाकलं की चिमकीने दार ढकललं आणि ते उघडलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "आसं कसं?" धनश्री म्हणाली. "तिथली दारं गान्याबिगर उघडत न्हाईत. तुमीच सांगितलं."

"हे उघडलं."

"न्हाई उघडलं," पोरं एका सुरात म्हणाली.

तिने मग मागच्या एका हंगामातलं गाणं म्हणून पाहिलं. गळा चिरकला तो चिरकलाच, वर पोरांनी लगेच पकडलं की हे उडत्या म्हशीचं गाणं आहे, याने म्हशी उठतील, दार नाही. कडूबाईला तिची दया आली. "मरू दे ते गानं," ती म्हणाली, "कुऱ्हाड दे पोरीच्या हातात, दार फोडून काढ." दुसऱ्या दिवशी रोझीने खरोखरच चिमकीला कुऱ्हाड दिली. चिमकीने पहिला घाव घातला आणि इकडे छोटा हनुमंत रडायला लागला. "पानी आत शिरंल की! आतली सगळी मानसं बुडतील!" आता हे काही खोटं नव्हतं. रोझीला घाईघाईने घाव मागे घ्यावा लागला आणि चिमकीला ते स्वप्न पडलं होतं, असं सांगावं लागलं. स्वप्न म्हटल्यावर पोरांनी तिच्याकडे जे पाहिलं, ते तिला बरेच दिवस टोचत राहिलं.

घरी ती शब्द जुळवायला बसायची. जमायचं नाही. आणि खरं सांगायचं तर जमावं असं तिला मनापासून वाटतही नव्हतं. गिदोनने आणि तिने मिळून सुरू केलेलं जगात आता एवढं एकच उरलं होतं. शेवटचं दार उघडलं की ते संपणार. दार बंद होतं तोवर गिदोन कुठेतरी दाढी करता करता गुणगुणत होता. इकडे दिवस तर पळत होते. ऊस संपत आलाय, असे फोन टोळ्यांवरून यायला लागले होते. पोरं एकदा आपापल्या घरी पांगली की त्यांना पुन्हा एकत्र बसवून गोष्ट पुरी करता येणार नव्हती. चिमकी जन्मभर दारातच उभी राहिली असती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मंडळीत गिदोनसाठी स्मरणाची प्रार्थना ठेवली होती. कडूबाईने सगळ्या पोरांना आंघोळी घातल्या, तेल चोपडलं आणि घेऊन आली. यातलं एकही पोर चर्चची पायरी कधी चढलेलं नव्हतं. त्यांना सगळ्यांत पुढे सतरंजीवर बसवलं. पाळकसाहेबांनी दोन शब्द सांगितले आणि आता गिदोनचं आवडतं भजन म्हणू या, असं म्हणाले. पेटी वाजायला लागली. संथ, जुनी, अभंगाची चाल.

चाल रोझीने ओळखली होती. पण पोरांनी तिच्याही आधी ओळखली होती. त्यांना वाटलं, काय शहाणी माणसं आहेत ही, काकांसाठी काकांचंच गाणं लावलं! आणि मोठ्या माणसांनी प्रभूची करुणा भाकायला तोंड उघडलं तशी सतरंजीवरून खणखणीत आवाजात सुरुवात झाली, "झोप रे हुंबऱ्या, मिटव रे डोळे..."

मंडळी गडबडली. मागच्या बाकांवरचे थांबले, पुढचे रेटून म्हणत राहिले. पेटीवाला बिचारा वर न बघता वाजवत होता. एकाच चालीत इकडून देवाचं भजन आणि तिकडून राक्षसाच्या दाढीतलं शेवाळ असं कडव्यामागून कडवं चाललं आणि आश्चर्य म्हणजे कुठेही एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. रोझीने पदर तोंडात कोंबला. तिला हसू आवरत नव्हतं. गिदोन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती आणि हसता हसता रडायला लागली.

बाहेर आल्यावर मंडळीचे वडील, म्हणजे तिथले पंच, बन्सीभाऊ लालबुंद होऊन उभे होते. "देवाच्या चालीवर राकीस निजवता? काय प्रकार हाय हा?"

रोझीने खरं ते सगळं सांगितलं. राक्षस, म्हशी, बोलकी बाभळ, सगळ्यांच्या चाली इथल्याच होत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "राक्षस झोपला का पण शेवटी?"

"झोपला," हनुमंत म्हणाला.

"मग झालं तर, बन्सीभाऊ," असं म्हणून पाळकसाहेब चहाकडे वळले.

परतीच्या वाटेवर, गावाजवळ आल्यावर धनश्री म्हणाली, "मावशी, म्हंजी चाल काकांची न्हवतीच. ती सगळ्यांची हुती. काकांनी नुसते शब्द घातले."

"व्हय."

"मंग ते तर कुनालाही घालता येतील."

रोझीला आधी रागच आला. तिच्या माणसाच्या गाण्याला नुसते शब्द म्हणते ही कार्टी! पण चालता चालता तो राग ओसरला. गिदोनने पहिल्या संध्याकाळी फाटकात उभं राहून दुसरं काय केलं होतं? हाताशी होती ती चाल घेतली आणि गोष्टीला हवं होतं ते तिच्यात घातलं. त्याला ते जमलं कारण तिची गोष्ट अडली होती. आता तर तीच अडली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, ऊन अजून शाळेच्या भिंतीवर असतानाच, तिने पोरांना बोलावलं. "चिमकी दारात उभी हाय," ती म्हणाली. "आत कोन कोन हाय, सांगा बरं."

"तिची आई."

"अजून?"

मग हनुमंत खाली बघत म्हणाला, "माझी पन आई हाय."

त्याच्या मागोमाग सगळी पोरं बोलायला लागली. माझी आई, माझे वडील, माझा थोरला भाऊ, तोडीवर गेलेलं ज्याचं त्याचं माणूस त्या दारामागे निघालं. रोझीने ऐकून घेतलं. मग डोळे मिटून, चिरक्या आवाजात, त्याच जुन्या चालीत ती म्हणाली:

ये गं पारूबाई । दार झालं जुनं ।
तुझ्याविना सुनं । घर माझं ॥

पारूबाई ही हनुमंतची आई. तो आधी दचकला, मग त्याने तेच पुन्हा म्हटलं. आईला नावाने हाक मारायची म्हणजे काहीतरीच, पण गाण्यात मारली तर कुणी रागावत नाही, हे पोरांना बरोबर कळलं. धनश्रीने "ये रे आसाराम" म्हणून वडिलांना बोलावलं तेव्हा सगळी फिदीफिदी हसली आणि मग सगळ्यांनी मिळून आसारामला हाक मारली. एकेक जण नाव घेत होता, बाकीचे ओळ पुरी करत होते. आतून कडूबाईचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

शेवटच्या पोराचं झालं. आता दार उघडायचं. पण धनश्री म्हणाली, "मावशी, तुमचं ऱ्हायलं."

अख्ख्या संसारात रोझीने नवऱ्याला "आवं" म्हणून हाक मारली होती. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती एंजलला पुढे करायची. तिच्या पिढीतल्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, चार बायकांनी अडवून धरल्यावर. साधं बोलताना ते तोंडातून निघतच नाही. लग्नात घेतलं होतं तेवढंच, आणि ते घेताना लाजून तिने अर्धं गिळलं होतं. आता ज्याला ऐकू जायला हवं तो माणूसच राहिला नव्हता. समोर पोरं वाट बघत होती.

"या गिदोनराव," ती गायली. आवाज फाटला. तिने पुन्हा सुरुवात केली, आणि या खेपेला मोठ्याने, अख्खं नाव, फाटकाबाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असं. "या गिदोनराव, दार झालं जुनं." पोरांनी पुढची ओळ उचलली. "तुमच्याविना सुनं घर माझं," अशी त्यांनी ती आपणहून बदलून घेतली, मोठ्या माणसाला अहोजाहो करायचं असतं म्हणून.

"उघडलं," धनश्री म्हणाली.

"उघडलं," रोझी म्हणाली. "पयली चिमकीची आई आली. मंग पारूबाई आली, आसाराम आला. एकामागं एक सगळी मानसं पान्याबाहेर निघाली."

"आन् काका?" हनुमंतने विचारलं.

गोष्ट तिचीच होती. एक शब्द बोलली असती तर गिदोन हाताचं ग्रीस पुसत बाहेर आला असता आणि पोरांनी टाळ्या पिटल्या असत्या. तो शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण गोष्टीत असं केलं असतं तर उद्यापासून या पोरांनी तिचं काहीच खरं मानलं नसतं, आणि तिने स्वतःनेही.

"न्हाई आले," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना न लावता पोरांसमोर रडली. "सगळे आले रं. हे न्हाई आले."

हनुमंतने जरा विचार केला. मग तिच्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "मंग दार लावू नका, मावशी. उघडंच ऱ्हाऊ द्या."

रोझीने ते उघडंच ठेवलं आणि तिथे गोष्ट संपवली.